नगरसेवक, खासदार आणि ‘टीशख’ : एका चरित्राच्या परिभाषेविषयी

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण हे तालुक्याचे गाव. कन्नड भाषेच्या अभ्यासकास या ग्रामनामात एक जुना ध्वनी जपून ठेवलेला आढळतो. प्राचीन कन्नडमधील ‘पिरिय’, म्हणजे थोर अथवा वडील, याचे पुढे ‘हिरिय’ झाले. शब्दारंभीच्या पकाराचा हकार होण्याची ही प्रक्रिया त्या भाषेत सर्वदूर घडली, परंतु गावाच्या नावाने आपला पकार सोडला नाही. ग्रामनामे जशी जुने ध्वनी सांभाळतात, तशी माणसांची नावे जुनी गावे सांभाळतात. फरक इतकाच की जुन्या म्हैसूर प्रांतात गाव बहुधा नावाच्या पुढे आद्याक्षर होऊन उभे राहते, तर कोंकणात ते नावाच्या मागे ‘-कर’ या प्रत्ययासह चालते. पिरियापट्टणला लागून असलेल्या हासन जिल्ह्यातील हरदनहळ्ळीचे देवेगौडा देशाला ‘एच. डी.’ म्हणून ठाऊक आहेत; त्यातील पहिले अक्षर गावाचे आणि दुसरे वडिलांचे. मालवण तालुक्यातील वराडचे जे कुळ, ते वराडकर. त्या कुळातील एक पुरुष १४ जून २०१७ रोजी आयर्लंडचा शासनप्रमुख झाला.

या दोन व्यक्तींचा एकत्र उल्लेख केवळ नावांच्या घडणीसाठी केलेला नाही. देवेगौडा होळेनरसीपूरच्या तालुका विकास मंडळाचे सदस्य होते. तेथून ते १९६२ साली अपक्ष म्हणून विधानसभेत, १९९१ साली लोकसभेत आणि १९९६ साली पंतप्रधानपदी गेले. लिओ वराडकर यांचाही मार्ग स्थानिक परिषदेतून संसदेत गेलेला आहे. परंतु मराठीत या दुसऱ्या प्रवासाविषयी जे लिहिले गेले, त्यात पहिली पायरी जवळजवळ दिसतच नाही. बातमी वराडच्या घरापासून निघते आणि एकदम डब्लिनच्या शासनप्रमुखाच्या कार्यालयात पोहोचते. मधली परिषद, मधला मतदारसंघ, मधला पराभव गळून पडतो. प्रस्तुत लेखात त्या गळालेल्या भागाचा विचार करावयाचा आहे. आणि तो करताना ज्या मराठी शब्दांच्या आधारे आपण तो करणार, त्या शब्दांचाही.

प्रथम वृत्तान्त. वराडकर यांचे वडील मुंबईत जन्मलेले वैद्यक व्यावसायिक. ते १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. आई आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातील परिचारिका. दोघांची भेट इंग्लंडमध्ये झाली आणि काही वर्षे इंग्लंडात व भारतात काढल्यावर कुटुंब १९७३ मध्ये डब्लिनला स्थायिक झाले. तेथे १८ जानेवारी १९७९ रोजी लिओचा जन्म झाला. त्याने ट्रिनिटी कॉलेजातून वैद्यकाची पदवी घेतली; मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातही त्याने काही काळ उमेदवारी केली. मराठी चरित्रकारास एवढी सामग्री मोहात पाडण्यास पुरेशी आहे. तथापि राजकीय चरित्राचा आरंभ येथे नाही. तो १९९९ मध्ये आहे. वैद्यकाचा दुसऱ्या वर्षाचा वीस वर्षांचा विद्यार्थी डब्लिनच्या पश्चिमेकडील मलहडर्ट या विभागातून स्थानिक निवडणुकीस उभा राहिला आणि पडला.

या पराभवास चरित्रात स्थान मिळावे, असे आम्हांस वाटते. तो कोणत्याही घराण्याचा वारस नव्हता. आयर्लंडच्या संसदेत वडिलांची अथवा चुलत्याची जागा चालविणारे सभासद पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. या बाबतीत त्या देशास आपल्याकडून काही शिकण्याची गरज नाही. अशा राज्यात परके आडनाव असलेल्या उमेदवारास प्रवेशाचा जो दरवाजा उपलब्ध असतो, तो परिषदेचा.

हा दरवाजा २००३ मध्ये उघडला. फिंगल परगणा परिषदेतील एक जागा रिकामी झाली आणि तीवर वराडकर यांची सहनियुक्ती झाली. येथे पहिली परिभाषिक अडचण उभी राहते. महाराष्ट्रातील वाचकास असा सभासद म्हणजे ‘स्वीकृत नगरसेवक’ वाटेल. हा अर्थ चुकीचा होय. आपल्याकडील स्वीकृत सदस्य विशेष ज्ञान वा अनुभव यांमुळे नेमला जातो आणि घटनेच्या कलम २४३-आर प्रमाणे त्यास सभेत मताधिकार नसतो. आयर्लंडमध्ये पोटनिवडणुकीऐवजी परिषदच रिकामी जागा भरते. जागा ज्या पक्षाची होती त्या पक्षाने नाव सुचवावयाचे असते, आणि असा सभासद इतरांइतकाच पूर्ण सभासद असतो. ‘स्वीकृत’ हा शब्द योजला की नायकाचा पहिला अधिकार वाचकाच्या मनात निम्म्याने कमी होतो. म्हणून ‘सहनियुक्त’ हा शब्द, तो रुक्ष असला तरी, पत्करावा लागतो.

पुढील वर्षी, २००४ मध्ये, सर्वत्र स्थानिक निवडणुका झाल्या. कॅसलनॉक विभागात वराडकर यांना ४,८९४ प्रथम पसंतीची मते पडली. त्या वर्षी संपूर्ण देशात कोणत्याही उमेदवारास स्थानिक निवडणुकीत मिळालेली ही सर्वाधिक प्रथम पसंती होती, आणि ते पहिल्याच मोजणीत निवडून आले. पुढे ते परिषदेचे उपमहापौरही होते.

हा आकडा भारतीय वाचकास किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या एखाद्या प्रभागात तेवढी मते तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवारही घेऊन जातो. परंतु ‘प्रथम पसंती’ या शब्दांत त्या देशाच्या राजकारणाचे सारे यंत्र दडलेले आहे. आयर्लंडमध्ये परिषदेपासून संसदेपर्यंत एकल संक्रमणीय मताची प्रमाणशीर पद्धत चालते. या बेटावर तिचा स्थानिक निवडणुकीसाठी पहिला प्रयोग स्लायगो नगराच्या परिषदेत जानेवारी १९१९ मध्ये झाला. मतदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालतो. वैध मतांस जागांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागले व भागाकारात एक मिळविला की निवडून येण्यास लागणारा कोटा निघतो. तीन जागा असतील तर एक चतुर्थांशाहून एक मत अधिक. ज्याची मते कोट्याच्या वर जातात त्याचा अधिकांश, आणि जो बाद होतो त्याची सारी मते, पुढच्या पसंतीकडे सरकतात. ही पद्धत आपल्यास अपरिचित नाही. राष्ट्रपती आणि राज्यसभेचे बहुसंख्य सभासद आपण याच रीतीने निवडतो. भेद असा की आपल्याकडे ती लोकप्रतिनिधींच्या हातात आहे, तेथे ती किराणा आणावयास निघालेल्या गृहिणीच्या हातात आहे.

याचे परिणाम दूरगामी होतात. एकाच विभागातून एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार उभे असतात. म्हणजे प्रतिस्पर्धी केवळ विरोधी पक्षात नसून आपल्याच घरात असतो. धोरणाच्या बाबतीत दोघांत फरक दाखविता येत नाही, तेव्हा तो सेवेत दाखवावा लागतो. रस्त्यावरचा दिवा, पदपथाचा उंचवटा, बांधकामाचा परवाना, शाळेतील प्रवेश यांसाठी पत्र कोणी लिहिले यावर दुसरी पसंती ठरते. बेसिल चब या अभ्यासकाने आयरिश लोकप्रतिनिधीच्या कामावर १९६३ मध्ये जो गाजलेला लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच मुलकी नोकरांचा पिच्छा पुरवीत हिंडणे असे त्या कामाचे वर्णन आहे.

या ठिकाणी दोन भाषांतील दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. आयरिश लोकप्रतिनिधी आठवड्यातून ठराविक वेळी मतदारांची गाऱ्हाणी ऐकण्यास बसतो, त्या बैठकीस तेथे ‘क्लिनिक’ म्हणतात. आपल्याकडे तिला ‘जनता दरबार’ म्हणतात. एकात मतदार रुग्ण आहे, दुसऱ्यात तो फिर्यादी रयत आहे. ‘जनता’ हे विशेषण मागाहून चिकटविले तरी दरबाराचा दरबारीपणा जात नाही. व्यवसायाने वैद्य असलेल्या वराडकर यांच्या बाबतीत तर दोन्ही अर्थांनी क्लिनिक चाललेले होते, आणि मराठीत हे श्लेषासह सांगण्याची कोणतीही सोय नाही.

दुसरे उदाहरण याहून मोलाचे आहे. अशा क्षुद्र वाटणाऱ्या स्थानिक राजकारणास इंग्रजीत हेटाळणीने ‘पॅरिश पंप’चे राजकारण म्हणतात, आणि आयर्लंडमध्ये तो शब्द विशेष रुळलेला आहे. पंप म्हणजे गावाचा सार्वजनिक नळ. मराठीत मात्र त्याच नळापासून एक सन्मानाचे नाव निर्माण झाले. मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून आरंभ केला. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत निवडून गेल्या. पाण्यासाठी त्यांनी जे लढे दिले त्यांतून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. आमच्या समजुतीप्रमाणे स्थानिक संस्थेपासून संसदेपर्यंतच्या प्रवासाचे मराठीत याहून नेमके दोन-शब्दी चरित्र नाही. १९६१ मध्येच महापालिकेत आलेल्या आणि १९७७ मध्येच लोकसभेत गेलेल्या अहिल्या रांगणेकर यांचा मार्गही जवळजवळ समांतर आहे. एका भाषेत जो नळ संकुचितपणाचे प्रतीक ठरतो तो दुसऱ्या भाषेत प्रतिष्ठेचे प्रतीक ठरतो. याचे कारण भाषेच्या स्वभावात शोधण्यापूर्वी पाण्याच्या उपलब्धतेत शोधावे, असा विनोद कोणी केला तर तो सर्वस्वी विनोद नव्हे.

आता पदनामांकडे वळू. मुंबई-पुण्याच्या जुन्या वृत्तपत्रांत पालिकेच्या सभासदास ‘नगरपिता’ म्हणत. आज ‘नगरसेवक’ म्हणतात. पित्याचा सेवक झाला. ‘आमदार’ व ‘खासदार’ या शब्दांत सर्वसामान्य आणि विशेष हे अरबी शब्द फारसी प्रत्ययासह आहेत, आणि मोगल दिवाणखान्याची विभागणी त्यांच्या उच्चारासरशी आठवते. प्रत्यक्ष जनतेने निवडलेल्या लोकसभेच्या सभासदास ‘खास’ म्हणावयाचे, हे तर्कास न पटणारे आहे. पण शब्द रुळला म्हणजे तर्क थकतो. आयरिश भाषेतील पदनामांचा मूलार्थ वेगळा आहे. परिषदेच्या सभासदास जो शब्द आहे तो सल्ला या अर्थाच्या धातूशी निगडित आहे. म्हणजे तो सेवक नव्हे, पिताही नव्हे, तर सल्ल्यास बसलेला मनुष्य. संसदेचे कनिष्ठ सभागृह ‘डॉल’; त्याच्या सभासदाचे नाव ‘टॅख्ता डॉला’, सामान्य व्यवहारात टी. डी.; त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ निरोप्या, दूत. आणि शासनप्रमुख तो ‘टीशख’, म्हणजे टोळीचा नायक. १९३७ च्या राज्यघटनेपासून हे पदनाम चालत आले आहे. त्याच घटनेकडून आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आणि राज्यसभेवर बारा सभासद नामनिर्देशित करण्याची प्रथा घेतली.

तेव्हा ‘नगरसेवक वराडकर खासदार झाले आणि मग पंतप्रधान झाले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही त्यात प्रत्येक नाम थोडेथोडे खोटे आहे. फिंगल ही नगरपालिका नव्हे. डब्लिन परगण्याची विभागणी होऊन १९९४ मध्ये अस्तित्वात आलेला तो एक परगणा आहे, ज्यात उपनगरे आहेत, शेतीही आहे. जिल्हा परिषद म्हणावे तर आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या हद्दीत महानगर येत नाही. ‘परिषदसदस्य’ हा शब्द आम्ही सुचवितो. तो निस्तेज आहे, परंतु निदान दिशाभूल करीत नाही. ‘खासदार’ ठेवण्यास प्रत्यवाय नाही. ‘टीशख’ मात्र मूळ स्वरूपात ठेवावा आणि एकदा अर्थ सांगून मोकळे व्हावे. ‘होमरूल’ हा शब्द एकेकाळी आपण असाच सबंध उचलला होता. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावी टिळकांच्या स्वराज्य संघाची स्थापना झाली. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. त्या पिढीच्या मराठी वाचकास आयर्लंड म्हणजे उठाव, उपोषण आणि फाशी एवढेच ठाऊक होते. पदपथाच्या उंचवट्यासाठी पत्र लिहिणारा आयर्लंड त्यास भेटलाच नाही, आणि ती उणीव शंभर वर्षांनी वराडकर-प्रकरणात जाणवली.

संसदेतील प्रवेश २००७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत झाला. डब्लिन पश्चिम हा तेव्हा तीन जागांचा मतदारसंघ. ब्रायन लेनिहन, जोन बर्टन आणि वराडकर निवडून आले, जो हिगिन्स यांची जागा गेली. येथे कायद्याचा एक बदल लक्षात घेतला पाहिजे. २००३ च्या कायद्याने आणि २००४ च्या निवडणुकीपासून आयर्लंडमध्ये एकाच व्यक्तीस संसद व स्थानिक परिषद या दोहोंचे सभासदत्व ठेवता येईनासे झाले. पूर्वी खासदार आपली परिषदेतील खुर्ची सोडीत नसे. खाली कोणी नवा माणूस वाढू नये हाही त्यात हेतू असे. ही मनाई झाल्यामुळे देशभर खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि एक नवी पिढी परिषदांत आली. वराडकर या पिढीचे होत. व्यक्तीच्या कर्तृत्वास बाधा न आणता असे म्हणता येईल की त्यांना काळाने योग्य वेळी दार उघडून दिले.

त्यानंतरच्या पायऱ्या सर्वश्रुत असल्याने त्यांवर रेंगाळण्याचे कारण नाही. २०११ मध्ये वाहतूक, २०१४ मध्ये आरोग्य, २०१६ मध्ये सामाजिक संरक्षण अशी खाती त्यांच्याकडे आली. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आकाशवाणीवरील मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या २२ मे रोजी समलिंगी विवाहास सुमारे ६२ टक्के मतदारांनी सार्वमताने मान्यता दिली. मराठी वृत्तान्तांपैकी काहींनी ही बाब एका वाक्यात उरकली अथवा सोडून दिली. आपल्या कुळातील पुरुष म्हणून गौरव करावयाचा आणि त्याच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंगाकडे पाठ फिरवावयाची, हा चरित्रलेखनातील प्रामाणिकपणा नव्हे. उलट बाजूही आहेच. सामाजिक संरक्षण मंत्री असताना सरकारी साहाय्य लबाडीने घेणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जी जाहिरातमोहीम चालविली, तिने गरिबांस संशयित ठरविले असा आक्षेप आला. शासनप्रमुख असताना घरांच्या टंचाईवरून सतत टीका झाली. गौरवग्रंथात याला जागा नसते. चरित्रात ती असली पाहिजे.

२०१७ मधील पक्षनेतेपदाची निवडणूक मात्र आपल्या विषयाशी अगदी जवळची आहे. फिने गेल पक्षाच्या नियमाप्रमाणे संसदीय पक्षाच्या मतास ६५ टक्के, सामान्य सभासदांच्या मतास २५ टक्के आणि परिषदसदस्यांच्या मतास १० टक्के वजन होते. प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी. सामान्य सभासदांत कोव्हनी जवळजवळ ६५ विरुद्ध ३५ टक्के अशा फरकाने जिंकले. संसदीय पक्षात वराडकर यांना ५१ व कोव्हनी यांना २२ मते पडली, परिषदसदस्यांत १२३ विरुद्ध १००. म्हणजे निवडून आलेल्यांनी त्यांना निवडले, न निवडून आलेल्यांनी नाही. ‘सामान्य कार्यकर्त्यांच्या हृदयावर राज्य करणारा नेता’ हे मराठी राजकीय चरित्रातील ठराविक वाक्य येथे लागू पडत नाही, आणि ते लागू करण्याचा मोह आवरला पाहिजे. परिषदसदस्यांच्या या मताधिकारास तेथे परंपरा आहे. वरिष्ठ सभागृहातील ६० पैकी ४३ जागा ज्या मतदारवर्गातून भरल्या जातात, त्यात परिषदसदस्यांचाच भरणा मोठा असतो. चार परिषदांनी ठराव केल्यास राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारही उभा करता येतो. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील ७८ पैकी २२ आणि कर्नाटकाच्या ७५ पैकी २५ जागा स्थानिक संस्थांच्या आहेत, त्याची येथे आठवण होते. पिरियापट्टणच्या पुरसभेचा सभासद या अर्थाने बंगळूरच्या वरिष्ठ सभागृहाचा मतदार असतो.

मालवणच्या संदर्भात एक तुलना अपरिहार्य आहे. नारायण राणे १९८५ मध्ये मुंबई महापालिकेत, १९९० मध्ये मालवण मतदारसंघातून विधानसभेत, १९९९ मध्ये मुख्यमंत्रिपदी आणि २०२४ मध्ये लोकसभेत गेले. कोंकणातील माणूस मुंबईच्या प्रभागात राजकारण शिकतो आणि गावाकडून निवडून येतो, हा परिचित क्रम आहे. वराडकर यांनी प्रभाग डब्लिनचा घेतला, मतदारही डब्लिनचे. गावाकडे त्यांना परतावयाचे नव्हते. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस ते कुटुंबासह वराडला आले, त्याचे स्वागत मोठे झाले. मात्र ती भेट मतदारसंघातील नव्हती. ‘परत येणे’ हे क्रियापद तेथे वापरले गेले. आमच्या मते ‘भेट देणे’ हेच बरोबर.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ८ फेब्रुवारी २०२० रोजी, सार्वत्रिक निवडणूक झाली. डब्लिन पश्चिममध्ये शिन फेनचे पॉल डॉनेली पहिल्या क्रमांकावर आले आणि पदावर असलेले शासनप्रमुख वराडकर पाचव्या मोजणीत निवडून आले. २००४ मध्ये जो पहिल्या मोजणीत आला, त्यास आता इतरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची वाट पाहावी लागली. संमिश्र सरकारात आधी उपप्रमुख, मग १७ डिसेंबर २०२२ पासून पुन्हा टीशख, आणि २० मार्च २०२४ रोजी पद सोडण्याची घोषणा. कारणे त्यांनी वैयक्तिक व राजकीय अशी दोन्ही सांगितली. स्थानिक परिषदांच्या निवडणुका तेव्हा अकरा आठवड्यांवर आल्या होत्या, आणि पक्षाच्या परिषदसदस्यांना नवा नेता वेळेवर मिळावा हा विचारही त्यात होता. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीस ते उभे राहिले नाहीत.

मराठीत त्यांचे सविस्तर चरित्र कोणी लिहावयास घेतले, तर सामग्रीचा पहिला ठेवा वराडच्या घरात नसून फिंगल परिषदेच्या २००३ ते २००७ या काळातील कार्यवृत्तांत आहे. कोणत्या रस्त्यासाठी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या बांधकामास विरोध केला, कोणत्या ठरावावर मत कोणीकडे दिले, हे तेथेच शोधावे लागेल.